राजमतीकाकूंनी माऊस सोडला

चातुर्मास लागला की आमच्या भागातली जैन माणसं काहीतरी सोडतात. कुणी गोड सोडतं, कुणी पालेभाज्या, कुणी मोबाइलवरच्या मालिका. कसबा बावड्यातल्या एका गृहस्थांनी एका वर्षी साखर सोडली आणि चार महिने गूळ खाऊन अंगानं दुप्पट झाले, तरी नियम मोडला असं कुणाला म्हणता आलं नाही. पण बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, भरल्या सभेत उभं राहून "माताजी, मला माऊस सोडायचा नियम द्या" असं म्हणणारी बाई त्याआधी कुणी बघितली नव्हती.

माताजी आर्यिका, म्हणजे जैन साध्वी, मूळच्या चिकोडीकडच्या. त्यांचा आणि कॉम्प्युटरचा संबंध येणार कुठून? त्यांनी विचारलं, हे काय असतं. शेजारी बसलेल्या एका बाईनं समजावलं, की ऑफिसातल्या यंत्राला जोडलेलं असतं, हाताखाली धरून फिरवायचं, की पडद्यावरचा बाण फिरतो. माताजींनी राजमतीकाकूंकडं बघितलं आणि विचारलं, की तुला ते फार आवडतं काय? सोडायची ती गोष्ट आवडती असावी लागते, हा सरळ हिशेब. काकू म्हणाल्या, आवडत नाही, पण त्यानं कामात चुका होतात आणि जीव थाऱ्यावर राहत नाही. माताजींनी मोरपिसांची पिंछी उचलली आणि चातुर्मास संपेपर्यंतचा नियम दिला. पलीकडं बसलेल्या एका बाईनं मोठ्यानं "अनुमोदना" म्हटलं, म्हणजे या पुण्याला माझीही संमती. ती बाई सम्मेदची आई होती, आणि काकूंनी जागा बघूनच उभं राहायचं ठरवलं होतं.

सम्मेद म्हणजे काकूंचा साहेब.

राजमती मगदूम या बाईला ओळखायचं तर आधी तिची खुर्ची ओळखायला पाहिजे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एक मध्यम आकाराची कंपनी आहे, पंपाच्या बॉड्या ओतते. पंचतारांकित हे वसाहतीचं नाव. आत गेल्यावर तारे दिसतात ते भट्टीच्या ठिणग्यांचे. तिथं तपासणीच्या खोलीत काकू कॉम्प्युटरवर बसतात. तयार मालाची मापं, कडकपणा, तारीख, लॉटचा नंबर हे सगळं एका तक्त्यात भरायचं, रिपोर्ट काढायचा, सही करायची. रिपोर्ट असल्याशिवाय गाडी गेटाबाहेर पडत नाही. त्यामुळं मालकालाही उलट बोलणारे, मिशांना पीळ दिलेले ड्रायव्हर काकूंच्या टेबलासमोर टोपी हातात घेऊन उभे राहायचे. काकूंना ते आवडायचं. लग्नाआधी टायपिंग शिकलेली मुलगी, पुढं शेण-पाणी, धार, पोरांच्या शाळा यात बोटं गंजवून बसली होती. पोरं मोठी झाल्यावर ती पुन्हा कळफलकावर आली आणि स्वतःच्या जोरावर त्या खुर्चीपर्यंत पोचली. ही खुर्ची कुणी आहेरात दिलेली नव्हती.

आणि दोन वर्षांपूर्वी उजवा हात थरथर कापायला लागला.

डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, काहींना होतं, गोळीनं थोडं कमी येईल, पूर्ण जाणार नाही. हाताची तऱ्हा अशी, की टेकलेला असला की शहाणा, अधांतरी धरला की कापतो, आणि कुणी बघतंय म्हटलं की जास्तच कापतो. नवरा अण्णासो म्हणाला, घरी बस, उसाचं येतंय त्यात भागतंय. काकू बसणार नाहीत हे कळल्यावर त्यानं दुसरा सल्ला दिला, की निदान कुणाला सांगू नको, झाकली मूठ सव्वा लाखाची. तो सल्ला काकूंनी मानला. मापं घेण्याच्या खोलीत हात कापणारी बाई कोण ठेवून घेणार? सही करताना मनगट टेबलावर दाबून धरायचं, फाईल दोन्ही हातांनी उचलायची, चार माणसांत पाण्याचा तांब्या उचलायचा नाही. कँटीनच्या यल्लव्वाला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण ती एक दिवस आपण होऊन काकूंच्या कपात अर्धाच चहा ओतायला लागली. अर्धा कप सांडत नाही. दोघींनीही त्यावर कधी एक शब्द काढला नाही.

हाताला सगळ्यात वाईट तो माऊस. बाण चौकटीवर न्यायचा, नेम धरायचा, तेवढ्यात हात थरथरायचा आणि बाण शेजारच्या घरात. जूनमध्ये एकदा काकूंनी एक आकडा निवडायला बटण दाबलं, हात सरकला, आणि कडकपणाचे आकडे उचलले जाऊन एक ओळ खाली, भलत्याच लॉटवर जाऊन बसले. काकूंच्या लक्षात आलं नाही. चुकीचा रिपोर्ट घेऊन गाडी गेली आणि गिऱ्हाइकाच्या दारात अडवली गेली. माल चांगला होता, कागद वाईट होता. पण हल्ली मालाला कोण विचारतं?

सम्मेदनं काकूंना बोलावलं. पोरगा वाईट नव्हे. मालकांचा पुतण्या, पुण्यात शिकून आलेला, लहानपणी पाठशाळेत काकूंच्याच शेजारी बसून लाडू खाल्लेला. तो रागावला नाही, आणि तेच काकूंना जास्त लागलं. तो म्हणाला, काकू, आता वय झालं, तुम्ही पॅकिंगला जावा, खोक्यांना लेबलं लावायची, डोक्याला ताप नाही, बसून काम. काकू म्हणाल्या, साहेब, ती चूक माऊसनं झाली. यावर सम्मेद हसला आणि म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं."

काकू खाली मान घालून बाहेर आल्या असं तुम्हाला वाटेल. त्या दारातून परत फिरल्या. म्हणाल्या, "अंगण वाकडंच हाय, साहेब. मी नाचून दाखवतो, पण अंगण बदलून."

बोलून तर बसल्या. पण बदलायचं कसं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. हात कापतो हे सांगितलं तर पॅकिंग. नाही सांगितलं तर माऊस धरा, आणि पुन्हा चूक झाली की पॅकिंगच. दोन दिवस त्या भाजी चिरताना, धुणं वाळत घालताना तेच घोळत होत्या. तिसऱ्या दिवशी शेजारीण सांगायला आली, की चातुर्मास बसतोय, माताजी आल्यात, नियम घ्यायला चला. आणि काकूंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नियमाचं कारण कुणी विचारत नाही. कांदा का खात नाही, असं कुणी विचारतं का?

अशा रीतीनं माऊसचा त्याग झाला, आणि सम्मेदच्या आईनंच त्याला अनुमोदना दिल्यामुळं सम्मेदचं तोंड बंद झालं. तो एवढंच म्हणाला, की चातुर्मास संपेपर्यंत ठीक आहे. दिवाळीनंतर सगळ्यांचं काम एकाच पद्धतीनं होणार, तेव्हा एक तर माऊस धरा, नाही तर पॅकिंगला जावा. मुदत ठरली.

आता गंमत ऐका. सम्मेद पक्का श्रद्धाळू. काकूंच्या टेबलावर वर्ज्य वस्तू असणं बरं नव्हे म्हणून त्यानं स्वतः माऊस काढला, वायर गुंडाळली आणि टेबल पुसून घेतलं. कुणी चुकून आपला माऊस काकूंच्या टेबलावर ठेवला तर तो उपवासाच्या ताटात लसूण पडल्यासारखा ओरडायचा. एकदा कॉम्प्युटर बिघडला आणि लॅपटॉप आणला, तर त्यात बोट फिरवायची पट्टी. ती चालते का? यावर जेवणाच्या सुट्टीत वाद पेटला. एकजण म्हणाला, तोही माऊसच, फक्त चपटा. सम्मेद म्हणाला, ओली हळद कंद म्हणून चालत नाही पण वाळलेली चालते, तसंच हे. हिशेबाच्या खोलीतली वर्षाराणी म्हणाली, हळद वाळवता येते, ही पट्टी कशी वाळवणार? शेवटी काकूंनीच निकाल दिला, की जिथं बोट अधांतरी फिरवावं लागतं ते सगळं वर्ज्य. सम्मेदला हा अर्थ फार खोल वाटला. त्यानं पट्टीवर चिकटपट्टी लावली.

आपल्याला हसू येतं. काकूंना येत नव्हतं. त्यांना तो पोरगा एवढ्या मनानं नियम जपताना बघून आत कुठंतरी टोचायचं.

पण टोचणी सांभाळत बसायला वेळ कुणाला होता? माऊसशिवाय काम जमलं पाहिजे होतं. इथं आला प्रसेनजीत. प्रसेनजीत कांबळे तपासणीचा सुपरवायझर, काकूंच्या समोरच्या टेबलावर. बोलायला तिखट आणि मनानं लोण्याचा गोळा. त्याचे वडील बौद्धवाड्यात रात्रशाळा चालवायचे, त्यामुळं शिकवायचं वेड घरातलंच. त्याला नियमाचं काही देणं-घेणं नव्हतं. तो म्हणाला, काकू, तुमचा धर्म तुमच्यापाशी, पण डोकं लावून सोडलायसा. माऊस हा आळशाचा घोडा, बोटं चालणाऱ्याला लागतो कशाला?

पहिल्या दिवशी त्यानं ऑल्ट नावाची कळ दाबायला लावली. पडद्यावरच्या वरच्या पट्टीत जागोजागी छोटी अक्षरं उगवली, पॅकिंगच्या खोक्यांवर लेबलं असतात तशी. ज्या खोक्याचं अक्षर दाबाल ते खोकं उघडतं. काकू बघतच राहिल्या. एवढी वर्षं ही लेबलं तिथंच होती, आणि कुणी सांगितलं नव्हतं. मग कंट्रोल धरून एकचा आकडा दाबला, की रकाना कसा दिसावा ते ठरवायची पेटी उघडते: आकडा हवा की तारीख, की जसं लिहिलं तसंच. कंट्रोल आणि अर्धविराम दाबला, की आजची तारीख आपोआप. ऑल्ट धरून खालचा बाण दाबला, की पर्यायांची यादी खाली सुटते, बाणानं निवडा, एंटर मारा. मनगट टेकलेलं, बोट खाली, कळ दाबली, संपलं. कळफलकावर नेम धरावा लागत नाही. कधी हात थरथरून एखादी कळ दोनदा बसायची, पण ती समोर दिसते आणि पुसता येते. ती चोरपावलांनी खालच्या ओळीत जाऊन बसत नाही.

सगळं जमायला श्रावण निम्मा सरला. काकू बसमध्ये बोटांच्या पेरांवर कळा म्हणायच्या. शेजारच्या बाईला वाटायचं, जप चाललाय. काही दिवस तर डोकं नुसतं भणभणायचं. एकदा लॉटचा नंबर लिहिला सात-तीन, आणि यंत्रानं त्याची सात मार्च करून टाकली. दहा वेळा लिहिला, दहा वेळा सात मार्च. काकू यंत्राला म्हणाल्या, "मुडद्या, मी काय तुला मुहूर्त विचारायलोय?" प्रसेनजीत खुर्चीवरून पडायचा राहिला. मग त्यानं त्या रकान्याला "जसं लिहिलं तसंच" हे रूप आधीच देऊन ठेवायला शिकवलं. काकूंनी सगळा रकाना निवडला, पेटी उघडली, रूप दिलं, आणि सात-तीनला सात-तीनच राहायला भाग पाडलं. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी अण्णासोला ही गोष्ट आंघोळीच्या आधी सांगितली, जेवताना सांगितली आणि झोपताना पुन्हा सांगितली. त्याला काही कळलं नाही, पण बायको हसतेय एवढं त्याला कळलं.

भाद्रपदात काकूंनी जुना तक्ता मोडून नवा केला. जुन्यात कुठलीही जागा कुणालाही बिघडवता यायची. नव्यात त्यांनी ठरवलं, की जिथं लिहायचं तेवढ्याच जागा उघड्या, बाकी सगळ्यांना कुलूप. उघड्या जागांना फिकट पिवळा रंग. तारखेच्या जागेत तारीखच बसेल, मापाच्या जागेत दशांश दोनच घरं, पास-नापास यादीतूनच निवडायचं. टॅब दाबला की एका उघड्या जागेवरून थेट पुढच्या उघड्या जागेवर उडी, मधल्या कुलूपबंद जागा यंत्र आपणच ओलांडतं. चुकून काही ओढून नेता येईल अशी फटच ठेवली नाही. प्रसेनजीतनं एक-दोन ठिकाणी सुचवलं, बाकी सगळं काकूंचं. ज्या चुकीनं त्यांची मान खाली गेली होती, ती चूक आता तिथं कुणालाच करता येणार नव्हती, आणि याचा त्यांना गर्व झाला. होऊ दे की. गर्व काय फक्त साहेबांनीच करायचा?

दसऱ्याच्या आसपास गिऱ्हाइकाकडचा माणूस तपासणीला आला. सम्मेदला घाम फुटलेला. त्यानं आधीच सांगून ठेवलं, की या काकूंचा चातुर्मास आहे, त्या माऊस वापरत नाहीत, गैरसमज नको. तो माणूस अर्धा तास काकूंच्या मागं उभा राहून रिपोर्ट काढून घेत होता आणि निघताना म्हणाला, सगळं व्यवस्थित आहे, फक्त खोलीत पंखा लावा. माऊस आहे की नाही, हे त्याच्या लक्षातसुद्धा राहिलं नाही. कौतुकाची वाट बघणाऱ्याला हे लागलं असतं. काकूंना मात्र बरं वाटलं. जे नसल्याचं कुणाला कळत नाही, ते असायची गरज काय?

एवढं सगळं जमलं, तरी मुदत जवळ येत होती. सम्मेदनं कॉम्प्युटरवरची नवी पद्धत इचलकरंजीच्या कुणाकडून तरी करून घ्यायला टाकली होती, रंगीत बटणांची, सगळी माऊसनं दाबायची. शेजारणी म्हणाल्या, अहो राजमतीबाई, आजीवन नियम घ्या की, झंझट मिटली. काकूंनाही ते पटलं. आजन्म माऊस वर्ज्य! मग सम्मेद काय, त्याचा काकाही हात लावू शकणार नाही.

दिवाळीच्या आदल्या दिवशी माताजींचा आहार काकूंच्या घरी होता. माताजी दिवसातून एकदाच घेतात, ताट नाही, वाटी नाही, स्वतःच्या ओंजळीत. समोरच्यानं घास त्या ओंजळीत ठेवायचा, पाणी बारीक धारेनं सोडायचं. काही वावगं घडलं की माताजी उठतात, मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाणीसुद्धा नाही. हात कापायला लागल्यापासून काकू या वेळी मागं राहायच्या. पुढं सून आदिती. त्या दिवशीही आदितीनंच सगळं केलं, काकू चुलीपाशी पातेली पुढं सरकवत राहिल्या. आहार नीट पार पडला. माताजी बसल्या तशी काकू पाया पडायला पुढं आल्या आणि आजीवन नियमाचं बोलल्या. हातात ओंजळभर तांदूळ होते. हात थरथरल्यानं ते जमिनीवर टपटप पडत होते.

माताजींनी तांदळांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "राजव्वा, चार महिने जे सोडलंस, त्याची एकदा तरी आठवण आली काय?"

"न्हाय, माताजी."

"मग तू सोडलंस काय?"

काकूंनी ओंजळ पदराखाली घेतली.

"नियम हे पांघरूण न्हवं," माताजी म्हणाल्या. "हात कापतो, तर कापतो म्हण. त्यात पाप कुठलं?"

त्यांनी आजीवन नियम दिला नाही. आशीर्वाद दिला आणि निघून गेल्या. काकू तिथंच बसून एकेक तांदूळ वेचत राहिल्या. त्यांना राग आला होता. माताजींचा नव्हे. दोन वर्षं आपण चोरासारखं वागलो, याचा. चोरी कसली केली होती? हात आपला, कापतो आपला, काम आपण चोख करतो. आणि लपायचं आपणच? आदिती वेचू लागायला आली, तिला त्यांनी बाजूला केलं. कापऱ्या हातानं सगळे तांदूळ वेचले, वेळ लागला तर लागला.

दिवाळीची सुट्टी संपून कंपनी उघडली. काकू आपल्या टेबलापाशी आल्या तर टेबलावर लाल कागदात बांधलेलं खोकं. सम्मेदनं हौसेनं आणलेलं. आत नवा माऊस, बिनवायरचा, चांगल्यापैकी महागाचा. शेजारी निर्वाण लाडू, दिवाळीला महावीरांच्या निर्वाणाचा प्रसाद. सम्मेद, प्रसेनजीत, हिशेबातली वर्षाराणी, दोन ड्रायव्हर, सगळे जमलेले. नियमाचं पारणं मोठ्या थाटात करायचा त्याचा बेत होता. त्यानं स्वतः खोकं उघडून माऊस काकूंपुढं ठेवला आणि म्हणाला, "काकू, संपला नियम. आता धरा."

काकूंनी माऊसकडं बघितलं. मनात आलं, की अजूनही सांगता येईल, आजीवन घेतलाय म्हणून. कोण जाणार माताजींना विचारायला, त्या तर पायी विहार करत पुढच्या गावाला निघाल्या असतील. सगळे मान डोलावतील, अनुमोदना म्हणतील, आणि ही खुर्ची राहील. एवढं एक वाक्य.

त्यांनी उजवा हात टेबलावरून उचलला आणि सगळ्यांसमोर, छातीइतक्या उंचीवर, अधांतरी धरला. हात कापायला लागला. सगळे बघायला लागले तसा जास्तच कापायला लागला. काकूंनी तो खाली घेतला नाही.

"नियम संपला, सम्मेद," त्या म्हणाल्या. ऑफिसात त्याला नावानं हाक मारायची त्यांची ती पहिलीच वेळ. "पर मी माऊस धरणार न्हाय. ह्या हातात तो ऱ्हात न्हाय. दोन वर्सं झाली, हात कापतोय. देवाचं नाव फुडं करून मी तुझ्यापासनं लपवलं, त्याचं प्रायश्चित्त मी माझं घेतो. पर पॅकिंगला जाणार न्हाय."

सम्मेदचा चेहरा पडला. चार महिने त्यानं पुसलेलं टेबल, पट्टीवर लावलेली चिकटपट्टी, सगळं त्याला आठवलं असणार. तो दुखावला होता, आणि त्याचंही चुकीचं नव्हतं. त्यानं हळू आवाजात विचारलं, की आधी का सांगितलं नाही?

"आधी सांगितलं असतं तर तू मला खुर्चीवरनं उठवलं असतंस. मायेनंच उठवलं असतंस, पर उठवलं असतंस की."

ते खरं होतं, हे सम्मेदलाही ठाऊक होतं.

"काढायचं असलं तर काढ," काकू म्हणाल्या. "पर हात बघून काढू नको. चार महिन्यांचे रिपोर्ट कपाटात हायत. त्यात चूक काढ, आणि मग मला काढ."

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. दोघा ड्रायव्हरांपैकी एकानं चाचरत सांगितलं, की काकू, गाडी भरून उभी हाय, रिपोर्ट तेवढा. काकूंनी हात खाली घेतला, मनगट टेकवलं आणि कळफलक पुढं ओढला. कंट्रोल आणि अर्धविराम, तारीख. टॅब, लॉट. टॅब, माप. टॅब, ऑल्ट आणि खालचा बाण, पास, एंटर. छापलेला कागद बाहेर आला. एरवी त्या सही करताना मनगट दाबून धरायच्या आणि अंगानं कागद झाकायच्या. आज झाकला नाही. सही वेडीवाकडी, नांगरटीसारखी उमटली, पण राजमती मगदूम हे नाव वाचता येत होतं. ड्रायव्हरनं कागद घेतला, टोपी डोक्यावर घातली आणि गेला.

सम्मेदनं कपाट उघडलं. खरोखरच रिपोर्टांचे गठ्ठे काढले आणि खुर्ची ओढून तिथंच वाचायला बसला. पहिला गठ्ठा, दुसरा गठ्ठा. प्रसेनजीत काहीतरी बोलायला गेला, काकूंनी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. बघू दे की त्याला. हक्क आहे त्याचा.

तो तिसऱ्या गठ्ठ्यावर होता, तेव्हा यल्लव्वा चहा घेऊन आली. सवयीनं तिनं काकूंच्या कपात अर्धा ओतला आणि किटली वर घेतली.

"यल्लव्वा," काकू म्हणाल्या, "भरून दे."

यल्लव्वानं एकदा त्यांच्याकडं, एकदा सगळ्यांकडं बघितलं. मग काठोकाठ भरला. काकूंनी कप उचलला. चहा हिंदकळला, बशीत सांडला, थोडा नव्या माऊसच्या लाल कागदावर सांडला. सम्मेदनं वाचता वाचता मान वर केली. काकूंनी कप खाली ठेवला नाही. सगळ्यांच्या देखत त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत चहा संपवला, पदरानं टेबल पुसलं आणि पुढच्या गाडीचा लॉट नंबर विचारला.